कंट्रोलची नळी

१२ सप्टेंबर

पुष्पा विसरायला लागली आहे. त्याची नोंद ठेवावी म्हणून ही डायरी काढली. करुणाने कधीतरी आणून दिली होती, कोरीच पडली होती. नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं म्हणजे त्या विचारणार, कधीपासून, कसं, काय काय. "जराशी विसरते जी" एवढंच सांगणारे नातेवाईक मी नोकरीभर लॅबच्या खिडकीतून पाहिले. त्यांच्यावर डॉक्टर वैतागायचे ते बरोबरच होतं.

पद्धत म्हणून स्वतःचंही लिहून ठेवतो. मनोहर सोमकुवर, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेला लॅब टेक्निशियन, मुक्काम सौंसर. आता सकाळी बस स्टँडजवळ अतुलच्या लॅबमध्ये जाऊन बसतो. अतुल माझ्याच हाताखाली शिकला. लेकरांची आणि म्हाताऱ्यांची नस त्याला सापडली नाही की "सर, जरा पाहता का" म्हणतो. मला त्यात बरं वाटतं, ते लपवण्यात काय अर्थ आहे. गावातली निम्मी माणसं मला नावाने नाही तर रक्तगटाने आठवतात. पुष्पा बी पॉझिटिव्ह, मी ओ पॉझिटिव्ह. आमच्या लग्नात पत्रिका वगैरे पाहायचा प्रश्नच नव्हता, मी गट तेवढा पाहून घेतला होता.

आजची नोंद. सकाळी तिने विचारलं, "अजी, बीपीची गोळी घेतली का?" घेतली म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. जेवताना पुन्हा तेच. करुणा फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही आईचं सगळं लिहून ठेवा." मुलगी शिक्षिका आहे, तिला नोंदीचं महत्त्व कळतं.

१५ सप्टेंबर

बाजारातून गुळाची ढेप आणली. घरी पाहतो तर डब्यात दोन ढेपा आधीच. मी विचारलं, ह्या कोणी आणल्या? पुष्पा क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मीच आणल्या होत्या जी. ध्यानातच नाही राहिलं." बाजार नेहमी मी करतो. म्हणजे ती मला न सांगता बाजारात जाते आणि परत येऊन विसरते. हे गंभीर आहे.

संध्याकाळी तीन ढेपांचं काय करायचं म्हणून तिने शेजारी एक देऊन टाकली. तोंडावर काळजी नव्हती. रोग्याला आपल्या रोगाची जाणीव नसते असं वाचलं आहे.

२३ सप्टेंबर

स्कूटरची चाबी हरवली. मोहगावच्या एका आजोबांचं रक्त घ्यायला निघालो होतो. "कोठी ठेवली काय मालूम, सापडूनच नाही राहिली," पुष्पा म्हणाली. सगळं घर पालथं घातलं. शेवटी अतुल स्वतःच गाडी घेऊन मला न्यायला आला. मी त्याला फोन केल्याचं आठवत नाही, बहुधा तिनेच केला. म्हणजे चाबी विसरते पण फोन करायचा लक्षात राहतं. स्मरणशक्ती जाताना अशी ठिगळा-ठिगळाने जाते.

वाटेत अतुल म्हणाला, "सर, आता दूरचे व्हिजिट मीच करत जाईन न. तुम्ही लॅबवरच बसा." त्याला म्हटलं, तू मला घरी बसवायला पाहतोस काय? तो हसला नाही. धंदा वाढला की पोरं गंभीर होतात.

३० सप्टेंबर

पुष्पाने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मीठ, साखर, चहापत्ती, तिखट. मला आनंद झाला. नोकरीभर मी हेच सांगत आलो, लेबल लावा. फक्त चिठ्ठ्या तिने डब्यांच्या वरच्या अंगाला लावल्या आहेत, माझ्या डोळ्यांच्या उंचीला. ती माझ्या खांद्याला लागते. तिला त्या टाचा उंचावून वाचाव्या लागतील. एवढा साधा विचार सुचू नये याचं वाईट वाटलं.

गॅसच्या शेगडीमागेही एक कागद आहे: "बंद केला का?" स्वतःलाच विचारते बिचारी. चहा मी करतो, बाकी सगळं तिचं.

८ ऑक्टोबर

दीक्षाभूमीची गर्दी ओसरल्यावरची तारीख घेतली होती. बसने नागपूर. करुणा दवाखान्यात आधीच येऊन बसली होती आणि डॉक्टरीणबाईंशी तिचं बोलणंही झालेलं दिसलं.

बाई शांत आहेत. पुष्पाला पाच शब्द सांगितले, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले, मग ते पाच शब्द पुन्हा विचारले. मी बाजूला बसून मनातल्या मनात सोडवत होतो. आंबा, खिडकी, बैल. आणखी दोन होते, ते किरकोळच होते. पुष्पालाही तेवढेच तीन आले. तिसरा सांगून तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. घड्याळ मात्र तिने छान काढलं.

मग बाईंनी नव्या रक्ततपासणीचं समजावलं. अल्झायमरमध्ये मेंदूत एक प्रथिन बिघडतं आणि त्याचा अंश रक्तात उतरतो. पूर्वी त्यासाठी पाठीच्या कण्यातलं पाणी काढावं लागे, नाहीतर महागडा स्कॅन. आता जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त घेऊन मोजता येतं. बाई म्हणाल्या, "नुसत्या रिपोर्टवर आम्ही रोग ठरवत नाही. माणूसही तपासावा लागतो." हे मला आवडलं. मी विचारलं, कंट्रोल कोणता लावणार?

इथे खुलासा करतो. कुठलंही नवीन किट आलं की मी आधी स्वतःचं रक्त लावत असे. रोग्याच्या शेजारी निरोगी माणसाचा नमुना हवाच, त्याला कंट्रोल म्हणतात. कंट्रोल बरोबर आला तर रोग्याचा रिपोर्ट खरा. कंट्रोल बिघडला तर सगळी तपासणी बाद. आमच्या दवाखान्यात निरोगी माणूस कुठून आणणार, म्हणून नेहमी मीच.

बाई म्हणाल्या, लॅब आपला कंट्रोल लावतेच. मी म्हटलं, तरी माझंही रक्त जाऊ द्या. मला वाटलं होतं त्या वाद घालतील. त्यांनी पुष्पाकडे पाहिलं, मग मला अगदी सावकाश विचारलं, "सोमकुवरजी, तुमच्या रिपोर्टमध्ये काही निघालं तर तुम्हाला ते कळायला हवं आहे का? नको म्हणायचा हक्क आहे तुम्हाला." मी हसलो. म्हटलं, मॅडम, मी कंट्रोल आहे. तरी त्यांनी पुन्हा विचारलं. मी हो म्हणून सही केली.

परतीच्या बसमध्ये पुष्पा माझा हात धरून बसली होती. गर्दीत हरवायची भीती वाटत असेल. मी तो सोडवला नाही.

१० ऑक्टोबर

अतुलच्या लॅबमध्ये दोघांचं रक्त घेतलं. पुष्पाचं मी, माझं अतुलने. तिची नस माझ्या पहिल्या बोटाला सापडते. सुई जाताना ती माझ्याकडेच पाहत होती, सुईकडे नाही.

लेबल लावायच्या वेळी अतुल मध्ये आला. "सर, मी लावतो न. कॉम्प्युटरवरून काढतो." त्याला म्हटलं, आजवर माझ्या हातच्या नळीला दुसऱ्याने लेबल लावलं आहे का? तो मागे सरला, पण मी लिहीत असताना माझ्या हाताकडेच पाहत राहिला. पांढुर्ण्याला गोटमारीच्या, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेच्या, दिवशी ड्युटी लागायची तेव्हाची माझी शिस्त आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी फुटलेली डोकी एकामागून एक येत आणि रक्त चढवायचं म्हणजे गट चुकून चालत नाही. नळी भरली की त्याच जागी, त्याच माणसाला नाव विचारून, त्याच्या डोळ्यांदेखत लेबल. नळी हातात घेऊन दोन पावलं सरकलात की चूक झालीच. पुष्पालाही मी नाव विचारलं. "पुष्पा मनोहर सोमकुवर," तिने शाळेतल्या मुलीसारखं सांगितलं आणि लाजली.

माझाही नमुना का पाठवला ते इथे लिहून ठेवायला हवं, आधी लिहिलं नाही. कुठलंही नवीन किट आलं की मी आधी स्वतःचं रक्त लावत असे. रोग्याच्या शेजारी निरोगी माणसाचा नमुना हवाच, त्याला कंट्रोल म्हणतात.

अतुलने मशीनवर रक्त फिरवून वरचा पिवळा भाग वेगळा केला, बारकोड लावला आणि बर्फाच्या डब्यातून नागपूरला रवाना केला. खालचं लाल रक्त नळ्यांतच आहे. रिपोर्ट येईपर्यंत नळी फेकायची नाही, हेही त्याला मीच शिकवलं.

१९ ऑक्टोबर

रिपोर्ट मोबाइलवर आले. मी लॅबमध्येच होतो.

पुष्पा: मर्यादेत. मनोहर: वाढलेलं, ठळक अक्षरांत.

कंट्रोल बिघडला. माझा पहिला विचार तोच, तपासणी बाद, पुन्हा करा. पण मग तिचा आकडा इतका स्वच्छ कसा? थोडा वेळ बसून राहिलो. नंतर लक्षात आलं. नळ्यांची अदलाबदल झाली आहे. तो वाढलेला आकडा पुष्पाचा आहे.

बारकोड यंत्र लावतं, तिथे चूक होत नाही. चूक झाली असेल तर पहिल्या लेबलात, जे मी हाताने लिहिलं. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा लेबल चुकलं आणि तेही घरच्या माणसाचं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला लेबलाचं काहीच वाटलं नाही. ती एक दिवस मला ओळखणार नाही, एवढंच डोळ्यांसमोर आलं. मी लॅबच्या मागच्या खोलीत जाऊन रडलो. बायको समोर असताना मी तिच्या चुका लिहून काढत बसलो होतो, असं वाटलं.

घरी काही सांगितलं नाही. ती दिवाळीचा चिवडा परतत होती. "आला का जी रिपोर्ट?" म्हणाली. नाही म्हटलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा परतायला लागली.

२० ऑक्टोबर

अतुलला सांगितलं, लेबलं बदलली, डॉक्टरांना कळव. तो खाली पाहत म्हणाला, "सर, नसतील बदलली." मी म्हटलं, तुला काय माहीत? तो म्हणाला, "मी पाहून राहिलो होतो न. बराबर लावली तुम्ही."

माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा माझी समजूत घालतो आहे म्हणून राग आला. म्हटलं, नळ्या काढ. पुष्पा बी, मी ओ. गट खोटा बोलणार नाही. लेबल चुकलं असेल तर आत्ता समजेल.

त्याने फ्रिजमधून दोन्ही नळ्या आणून ठेवल्या. काचेची पट्टी घेतली. निळं सीरम ए गट ओळखायला, पिवळं सीरम बी. आधी तिच्या नावाची नळी. पिवळ्या थेंबात रक्ताचे दाणे दाणे झाले, निळ्यात काही नाही. बी. ही पुष्पाच. मग माझ्या नावाची. निळ्यात काही नाही. पिवळ्यात काही नाही. पट्टी हलवत राहिलो. नियमापेक्षा जास्त वेळ हलवली. अतुल म्हणाला, "सर, राहू द्या आता." दोन्ही थेंब लाल आणि एकसारखे राहिले. ओ.

लेबल बरोबर होतं.

मला आधी समाधान वाटलं, हे लिहितो, कारण तसंच झालं. हात चुकला नाही. मग खुर्ची ओढून बसलो. अतुलने पाणी दिलं. मी विचारलं, तू माझ्या हाताकडे का पाहत होतास? त्याने दोन्ही नळ्या फ्रिजमध्ये परत ठेवल्या. मग सांगितलं की पोळ्याच्या आधी बोरगावच्या दोन लेकरांच्या नळ्यांवर मी एकच नाव लिहिलं होतं. त्याने वेळीच धरलं, लेकरांना पुन्हा बोलावून रक्त घेतलं. मला सांगायची त्याला हिंमत झाली नाही म्हणून त्याने पुष्पाला सांगितलं.

मला ती लेकरं आठवत नाहीत. आठवावी म्हणून फार प्रयत्न केला.

२१ ऑक्टोबर

पुष्पाला दोन्ही रिपोर्ट दाखवले. ती मेथी निवडत होती. तिने चष्मा लावला नाही, कागदाकडे नीट पाहिलंही नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"पावसाळ्यात एक डाव मोहगावहून तुमाले तिथल्या शाळेच्या मास्तरनं आणून सोडलं," ती म्हणाली. "रस्त्यावर गाडी लावून उभे होते तुम्ही. कोठी जाच हाय ते समजत नोहतं. घरी आले आन् जेवले, जसं काही झालंच नाही."

"मला सांगायचंस."

"सांगतलं न. दोन डाव सांगतलं. तुम्ही मनले, तुलेच काही समजत नाही." तिने एक काडी मोडली. "दवाखान्यात चला म्हटलं असतं त आले असते का तुम्ही?"

मी नाही म्हणालो. खोटं बोलून काय करणार.

"मंग? मनून मीच विसरली."

 गुळाच्या ढेपा. चाबी. गॅसचा कागद. गोळी घेतली का, गोळी घेतली का. ह्या डायरीत पान पान भरून मी ज्याच्या नोंदी केल्या तो रोगी कोण होता, ते एका जागी बसून समजलं.

"पण माझं रक्त जाईल हे तुला कसं ठाऊक?"

ती हसली, आणि हसतानाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही कंट्रोल लावल्याबिगर रायता का? आपल्या आशिषच्या बारशाच्या दिवशी नवीन किट आलं त पाहुणे सोडून बोट टोचून घेत बसले होते. मले माहीत नाही का?"

मी विचारलं, ते पाच शब्द? डॉक्टरीणबाईंचे?

"आंबा, खिडकी, बैल, रुमाल, नदी," ती मेथीवरची नजर न काढता म्हणाली. "तुमाले तीनच येऊन राहिले होते. ओठ हलत होते तुमचे. मनून मीबी तीनच सांगतले."

फार राग आला तिचा. आणि तितकीच मायाही दाटून आली. मी तिच्यासमोर बसून मेथी निवडायला लागलो.

३१ ऑक्टोबर

नागपूर. ह्यावेळी खुर्चीत मी. नवे पाच शब्द, त्यातले दोन आले. घड्याळाचे काटे सांगितलेल्या वेळेवर बसेनात. पुष्पा बाजूला बसली होती आणि तिने ओठ घट्ट मिटून धरले होते.

बाई म्हणाल्या, सुरुवात आहे. आणखी तपासण्या सांगितल्या, एक गोळी सुरू केली, ती रोग बरा करत नाही हेही स्पष्ट सांगितलं. पुष्पाने ढोंग केलं त्याबद्दल त्यांनी तिला काही म्हटलं नाही. मी म्हटलं, मॅडम, त्या दिवशी तुम्हालाही माहीत होतं. त्या म्हणाल्या, "करुणाने आधी सांगितलं होतं. म्हणून तर मी तुम्हाला दोनदा विचारलं." हे खरं आहे. विचारलं होतं, मागच्या पानावर आहे.

भोपाळहून मुलाचा, आशिषचा, फोन आला. रडत होता. त्याला म्हटलं, रिपोर्ट वाचून रडायचं नसतं, पुढचं काम पाहायचं असतं. फोन ठेवल्यावर मला भीती वाटली. पुष्पाला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मलेबी वाटून राहिली." दोघांनी चहा घेतला. चहा तिने केला.

१२ नोव्हेंबर

बरेच दिवस लॅबमध्ये गेलो नव्हतो. आज पुष्पा म्हणाली, "घरात बसून काय करता? जा." चालत गेलो, ती बस स्टँडच्या वळणापर्यंत सोबत आली. संत्र्याच्या गाड्या भरून उभ्या होत्या, रस्ता ओलांडायला वेळ लागला. पूर्वी ती सोबत येते ते तिला एकटं राहायची भीती वाटते म्हणून, असं मी धरून चाललो होतो.

लॅबमध्ये मोहगावची एक बाई लहान पोरगी घेऊन आली होती. तापाने सुकलेली, हात काडीसारखे. अतुलने दोन्ही हात पाहिले, नस लागेना. पोरगी किंचाळत होती, आईही रडकुंडीला आली होती. बाई मला पाहून म्हणाली, "सर, तुम्हीच घ्या न. हिच्या भावाचं तुम्हीच घेतलं होतं." मला तो भाऊ आठवला नाही. मी नाही म्हणायला लागलो, तोवर अतुलने रबरी पट्टा माझ्या हातात दिला होता.

डोळे मिटून बोट फिरवलं. कोपराच्या आत, जरा खाली, ती होती. बोटाला सापडते त्या नसेचं नाव आठवावं लागत नाही. एका टोचण्यात नळी भरली. पोरगी रडायची थांबून माझ्या मिशीकडे पाहायला लागली.

नळी हातात होती. पेन नेहमीच्या जागी खिशात होतं. मी जागेवरून हललो नाही. आईला विचारलं, लेकराचं नाव काय? तिने सांगितलं, पूनम. मी पेन काढून अतुलसमोर धरलं.

"लेबल तू लाव," मी म्हणालो.

तो घेईना. "लाव," म्हटलं. मग त्याने तिथेच उभं राहून, त्या बाईच्या डोळ्यांदेखत, एक एक अक्षर लिहिलं आणि नळी माझ्यापुढे केली. मी चष्मा लावून वाचलं. बरोबर होतं.